अकरा घरांची आजी

शके १८७५ च्या माघ महिन्यातील शुद्ध पक्षात, इसवी सन १९५४ च्या फेब्रुवारीच्या चौदाव्या तारखेस, रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, नागपुरातील तांडापेठेत नत्थूजी बारापात्रे यांच्या मागघरात घरची सहा मोठी माणसे आणि एक पाहुणी अशी सातजणे जमली होती. घरात तीन माग होते आणि तिन्ही थांबलेले होते.

नत्थूजींचा माग त्यांच्या गुडघ्यांनी थांबवला, त्याला दहा वर्षे झाली होती. थोरल्या ईश्वरदासचा माग पाहुणीच्या मानासाठी घटकाभर थांबला होता. धाकट्या जागेश्वरचा माग मात्र त्याच्या बायकोने, पुष्पलतेने, थांबवला होता, आणि त्याला आज आठवा दिवस होता.

कोष्ट्याचा माग जमिनीलगत असतो. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खालच्या खड्ड्यात सोडतो. खड्डा मोठ्या माणसाच्या मांडीइतका खोल. ज्या घरात एखादा माग बंद पडलेला असेल त्या घरात त्या खड्ड्याचा दुसरा उपयोग ठरलेला असे. तळाशी गोणपाट अंथरून रांगते मूल त्यात ठेवीत. त्याला वर चढता येत नसे, ते चुलीकडे जात नसे, खळीच्या पातेल्याकडे जात नसे, आणि आईचे दोन्ही हात रहाटावर कांड्या भरायला मोकळे राहत. कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरल्या नाहीत तर धोटा रिकामा, आणि धोटा रिकामा तर माग मुका. तांडापेठेत या रीतीला कोणी क्रौर्य म्हटले नाही, कारण जे करण्यावाचून गत्यंतर नसते त्याला माणसे नाव ठेवीत नाहीत. नत्थूजींच्या खड्ड्यात ईश्वरदासची मुले वाढली. आता पुष्पलतेची सोळा महिन्यांची शेवंता तिथे बसत असे. आठ दिवसांपूर्वी, दुपारी, तिच्या पायापासून चार बोटांवर पुष्पलतेला विंचू दिसला. तिने मुलीला उचलले ते पुन्हा खाली ठेवले नाही. त्या दिवसापासून ती रहाटालाही बसली नाही.

आजही शेवंता तिच्या कडेवर होती.

पाहुणी इंदुताई. शहराच्या कारभारातील, वस्तीच्या भाषेत कमिटीतील, एका समितीच्या त्या सदस्य. कामकरी वस्तीत कराच्या पैशातून एक शिशुगृह चालवावे, चाळीस मुले, दोन बाया, दुपारी दूध, आणि ज्याला देणे परवडत नाही त्याच्याकडून काही घेऊ नये, असा ठराव त्यांनीच मांडला होता. त्यासाठी गेल्या महिन्यात घरोघर पाहणी झाली. तिचा तक्ता इंदुताईंच्या मांडीवर होता आणि तो घेऊन त्या स्वतः आल्या होत्या.

"नत्थूजी, या कागदात एक चमत्कार आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या ओळीत सतरा घरे. दिवसा मुले कोण सांभाळते, असा एक रकाना आहे. त्यात अकरा घरांपुढे एकच नाव आहे. जनाबाई. मुलांची बेरीज सव्वीस."

जागेश्वरला हसू आवरले नाही. "सव्वीस! माय, तुले तर कमिटीनं बिल्ला द्याले पाहिजे."

कोपऱ्यात रहाटापाशी बसलेल्या नत्थूजींच्या बायकोचा, जनाबाईंचा, हात थांबला नव्हता. माग थांबले तरी त्या थांबत नसत. "मले कोणी विचारलं नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "कोणाची सव्वीस?"

नत्थूजींना हसू आले नाही. त्यांना तो दिवस स्वच्छ आठवत होता. कारकून पहिल्यांदा त्यांच्याच दारी आला, कारण ओळीचे पंच ते. ओट्यावर शेजारचे चार-पाचजण बसलेले होते. कारकुनाने सरळ विचारले, बाई कामाला बसली म्हणजे पोर कोणापाशी असते? अशा प्रश्नाला परक्या माणसासमोर, शेजाऱ्यांच्या देखत, काय उत्तर द्यावे? खड्ड्यात असते, असे? नत्थूजी म्हणाले, "आजी आहे ना घरात." कारकुनाने नाव विचारले, त्यांनी सांगितले. पुढच्या घराने ऐकले होते; तेही म्हणाले, आजी. त्या घरची आजी दोन वर्षांपूर्वी वारली होती. कारकुनाने विचारले, कोणती आजी? तर म्हणाले, हीच की, सगळ्यांची. जनाबाईंना सारी ओळ आजीच म्हणत असे. अशा रीतीने अब्रू एका घरातून दुसऱ्या घरात चालत गेली आणि कारकुनाने जे कानांनी ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले.

"उद्या समितीची सभा आहे," इंदुताई म्हणाल्या. "या तक्त्यावरून एकच अर्थ निघतो. इथे एकही मूल वाऱ्यावर नाही. मग ठराव पडेल. दुसऱ्या वस्तीसाठीही तो पुन्हा लवकर उभा राहायचा नाही. मी काल तीन घरी जाऊन आले. तिघांनीही सांगितले, नत्थूजी बदलतील तर आम्ही बदलू."

"म्हणजे मी खोटं बोललो, असं लिहून देऊ?"

"चूक झाली, असे लिहा."

"पंचाची चूक अन् खोटं यात लोक फरक करत नाही, इंदुताई."

ईश्वरदास इतका वेळ मागाच्या खांबाला टेकून बसला होता. विणकरांच्या सोसायटीत तो चिटणीस होता आणि सभेत बोलण्याची त्याला सवय होती. तो म्हणाला, "बाबाचं सोडा. मी मुद्द्याचं विचारतो. आमची पोरं काय बेवारस आहेत? घर आहे, आजी आहे, माय आहे. तरी पोर उचलून सरकारच्या दारात काहून ठेवायचं? लोक काय म्हणतीन? बारापात्र्याले पोरं जड झाली?"

पुष्पलता उंबऱ्याशी उभी होती. ईश्वरदास तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर. भासऱ्याशी भावजयीने समोरासमोर बोलू नये, अशी रीत. गेल्या पाच वर्षांत त्या दोघांत एक शब्द सरळ गेलेला नव्हता. जो गेला तो ईश्वरदासच्या बायकोमार्फत, कुसुमावतीमार्फत. पुष्पलतेने पदर कपाळापर्यंत ओढला आणि जावेकडे तोंड करून म्हणाली, "बाई, त्यांले विचारा, चौकातला नळ कोणाचा आहे?"

कुसुमावतीने मान वळवली. "नळ कोणाचा आहे म्हणते."

"कमिटीचा," ईश्वरदास म्हणाला. "मग?"

"घरी विहीर असतांना आपण नळावर काहून जातो, तेही विचारा."

"सांग तिले, पाण्याची गोष्ट येगळी. पाणी कोणी पाजलं तरी पाणीच. पोराले वळण लागते. ते घरीच लागते."

"खड्ड्यात कोणतं वळण लागते, बाई?"

हे वाक्य पोहोचवण्याची गरज उरली नाही. जागेश्वर खाकरला. बायकोच्या बाजूने बोलावे असे त्याला आठ दिवस वाटत होते. परंतु बंद मागावर बसून बायकोची बाजू घेणे पुरुषाला अवघड जाते. आता त्याला एक तोड सापडली. "दादा, मोकाट गुरांसाठी कमिटीचा कोंडवाडा आहे. तिथं गुराले चारा-पाणी मिळते, राखणदार असते. गुराचं होते अन् माणसाच्या पोराचं नाही?"

"वा!" नत्थूजी म्हणाले. "म्हणजे माह्या नातीले तू कोंडवाड्यात घालतो. छान वकील भेटला गा तुह्या बायकोले."

जागेश्वर ओशाळला. पुष्पलतेने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

इंदुताईंनी कागदाची घडी केली. त्यांना वादाचा कंटाळा नव्हता. किंबहुना जिथे वाद नाही तिथे नकार पक्का असतो, असा त्यांचा अनुभव होता. त्या म्हणाल्या, "ईश्वरदासजी, तुमची मोठी मुलगी शाळेत जाते?"

"जाते. चौथीत आहे."

"ती शाळा कोणाची?"

"कमिटीची."

"ती शाळेत जाते म्हणून कोणी म्हणते का, की बारापात्र्यांना पोरगी जड झाली? सहा वर्षांचे मूल साऱ्या शहराचे आणि एक वर्षाचे मूल एकट्या आईचे, ही रेघ कोणी ओढली? पाच वर्षे मूल कसे जगले, हे कोणी विचारायचे नाही, आणि सहाव्या वर्षी ते पाटी घेऊन आले की शहराने त्याला आपले म्हणायचे. दुसरे सांगते. तुम्ही याला सरकारचे दार म्हणता. सुताचे गाठोडे नाक्यावरून आत आणताना तुम्ही जकात देता ना? तो पैसा तुमचा आहे. त्यातून रस्त्यावर दिवे लागतात तेव्हा तुम्ही डोळे मिटून चालत नाही. मग त्यातून मुलांसाठी एक खोली झाली तर ती भीक कशी?"

ईश्वरदासला मुद्दा लागला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. सभेतल्या माणसाला मुद्दा कळतो. फक्त तो घरात, भावजयीच्या देखत, मान्य करता येत नाही. तो दुसरीकडून फिरला. "बोलणं बरोबर असन तुमचं. पण इथं गरज काय? माही पोरं याच घरात, याच खड्ड्यात वाढली. माय होती. काय बिघडलं?" आणि बायकोकडे वळून, "सांग तिले, अवं. काय बिघडलं?"

कुसुमावतीने आयुष्यातील बारा वर्षे या घरात निरोप पोहोचवण्यात घालवली होती. सासऱ्याचा निरोप सासूला, नवऱ्याचा जावेला, सोसायटीचा शेजारी. आठ दिवसांपूर्वी पुष्पलतेने रहाट सोडला तेव्हा तिला प्रथम रागच आला होता, कारण त्या रहाटाचे अर्धे काम तिच्यावर आले. धाकटीचे चोचले, असे ती शेजारी म्हणालीही होती. पण या आठ दिवसांत रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला एकच गोष्ट दिसे: पुष्पलता मुलीला कडेवर घेऊन उभी आहे आणि ठेवत नाही. नुसती ठेवत नाही. एवढे सोपे होते ते. तीन वर्षांपूर्वी तिलाही ते करता आले असते.

"तुम्हीच सांगा," कुसुमावती म्हणाली.

"काय?"

"मी नाही सांगत. तुम्हीच सांगा तिले. किती पोरं वाढली तुमची?"

"दोन. हे काय विचारून राहिली?"

"अन् जन्मली किती?"

तिसरा, गणू, नऊ महिन्यांचा असताना गेला, हे सगळ्यांना ठाऊक होते. ताप आला, असे बाहेर सांगितले गेले; लग्नसराईची घाई होती, बारा लुगडी आठवड्यात द्यायची होती, वैद्य उशिरा आला, असे घरात सांगितले गेले. त्यानंतर ते नाव या घरात उच्चारले गेले नव्हते.

"परक्या बाईसमोर काहून..." ईश्वरदास हळूच म्हणाला.

त्याचे वाक्य पुरे झाले नाही, कारण कोपऱ्यातला रहाट थांबला. त्याचा आवाज इतका नेहमीचा होता की तो थांबल्यावरच तो चालू होता हे सगळ्यांच्या ध्यानात आले.

जनाबाईंनी हातातली अर्धी भरलेली कांडी मांडीवर ठेवली. त्यांचे वय चौसष्ट. नत्थूजींनी पंचासमोर, कारकुनासमोर, देवासमोर आजवर ज्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या त्यांनी कधी खोडल्या नव्हत्या. आजही त्या नवऱ्याकडे न पाहता सुनेकडे पाहत होत्या.

"कुसुम, इकडं पाह्य," त्या म्हणाल्या. "मी पोरं सांभाळतो असं तुहे सासरे म्हणते. सांभाळणं म्हणतात ते मी कधी केलंच नाही वं. दोन मागांच्या कांड्या मी भरतो. चार हात असते तं सांभाळलं असतं. मी पोरांले निजवत होतो. मोहरीएवढी अफूची गोळी दुधात. माह्या सासूनं मले शिकवलं. तुह्या नवऱ्यालेही मी तसंच निजवलं, जागेश्वरलेही. गणूले त्या दिवशी दुपारी रडणं थांबत नव्हतं. तू पाणी आणाले गेली होती. गोळी मी देल्ली." त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "तीन वर्षं झाली. तुले सांगाची हिंमत नाही झाली."

पुष्पलतेचा हात नकळत शेवंताच्या पाठीवर गेला.

कुसुमावती उठली नाही, रडली नाही. ती सासूकडे अशी पाहत राहिली की जणू मांडीवरची ती कांडीच तिला प्रथम दिसत होती. मग म्हणाली, "आत्याबाई, सकाळी मीही देल्ली होती."

"काय देल्ली?"

"गोळी. सकाळी, रहाटाले बसाच्या आधी. तुम्हाले सांगतलं नाही. तुम्ही रागावसान वाटलं, की लवकर देल्ली म्हणून." मग हळूच, "मले वाटे, माह्या एकटीच्या गोळीनं झालं."

"अन् मले वाटे माह्या," जनाबाई म्हणाल्या.

दोघी एकाच छपराखाली, एका चुलीवर, एका रहाटाच्या दोन बाजूंना तीन वर्षे बसत होत्या. प्रत्येकीने आपापला अर्धा अपराध पुरा समजून जपला होता. त्या दिवशी त्या मुलाकडे दोघी पाहत होत्या आणि म्हणून कोणीच पाहत नव्हते. कोणाचीही माया कमी पडली नव्हती. एकीने दुसरीला विचारावे इतका वेळ कोणाच्या हातात नव्हता.

"दोनदा?" ईश्वरदास म्हणाला. त्याने कोणाला विचारले, ते कळले नाही. तो खांबापासून पुढे सरकला आणि त्याने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले.

जनाबाईंनी हात पुढे केला. कुसुमावती सरकत त्यांच्यापर्यंत गेली आणि सासूच्या गुडघ्यावर तिने कपाळ टेकले. तेव्हा कुठे तिला रडू आले. जनाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवीत म्हणत होत्या, "उगी वं माय, उगी. तुहा एकटीचा नव्हता तो दोष. माहाही एकटीचा नव्हता."

इंदुताईंनी पेनाला टोपण लावले होते. "यातले मी काहीही लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "हे घरातले आहे, घरातच राहील. तुम्ही सांगाल तेवढेच लिहीन. सांगणार नसाल तर तक्ता आहे तसा नेईन, आणि तुमच्यावर माझा राग असणार नाही."

त्या उठू लागल्या. पुष्पलता एकदम पुढे आली. पदर कपाळावरून मागे सरला तो तिने सावरला नाही.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "मी बापाच्या घरी उमरेडला जाणार नाही, आठ दिवसांपासून सारे तिकडं जाय म्हणून राहिले. मी कांड्या भरीन. दोन मागांच्या भरीन, आत्याबाईच्याही हातच्या भरीन. पण पोर खाली ठेवीन ती कोणाच्या तरी हातात ठेवीन. ज्याचं तेच काम असन त्याच्या हातात." आणि मग, पाच वर्षांत प्रथमच, सरळ भासऱ्याकडे पाहून, "दादा, यात बारापात्र्याची अब्रू जात असन तं तुम्ही मले सांगा. मी ऐकीन."

ईश्वरदासने मान वर केली. रीत मोडल्याचा त्याला राग आला असता तर घरातल्या कोणाला नवल वाटले नसते. तो म्हणाला, "अब्रू नाही जात." मग वडिलांकडे वळला. "बाबा, आता तुम्ही बोला."

नत्थूजी आपल्या बंद मागाजवळ बसले होते. गुडघ्यावर हात ठेवून ते बायकोकडे पाहत होते. त्यांनी चाळीस वर्षे कापड विणले. त्या कापडाचा धागा अन् धागा हिच्या हातांतून रहाटावरून गेला होता. हिची नजर आता इतकी अधू झाली होती की तुटलेला धागा ती बोटांनी चाचपून शोधी, हेही त्यांना ठाऊक होते. आणि कारकुनाने विचारले तेव्हा त्यांनी हिच्याच नावावर घरची मुले घातली. त्यांचे पाहून ओळीने तेच केले. खोटे बोलताना त्यांना आपण घराचा मान राखतो आहोत असे वाटले होते. तो मान कोणाच्या हातांवर उभा होता, हे त्यांनी विचारले नव्हते.

"बसा, इंदुताई," ते म्हणाले.

इंदुताई बसल्या.

"तो कागद उघडा. तुमच्या माणसानं विचारलं होतं तसंच विचारा. पहिल्यापासून."

"सगळे?"

"सगळं. बाकीची दहा घरं दारातून ऐकून राहिली असतीन. ऐकू द्या. मोठ्यानं विचारा."

दारापाशी खरोखरच चार-दोन सावल्या हलल्या. इंदुताईंनी घडी उलगडली, पेनाचे टोपण काढले, आणि जुन्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली. मग त्यांनी प्रश्न वाचला. "कुटुंबप्रमुखाचे नाव?"

"नत्थूजी बारापात्रे."

"सहा वर्षांखालची मुले?"

"एक. शेवंता."

"घरातील स्त्रिया दिवसा काम करतात काय?"

"तिघीही. उजाडल्यापासून दिवा लागेपर्यंत."

"त्या वेळात मूल कोण सांभाळते?"

"कोणीच नाही," नत्थूजी म्हणाले. "लिहा, बाई. या घरात पोर सांभाळायले कोणी नाही."